लग्नाचा पेनड्राईव्ह, आबांचा टॅब आणि ते फॉरमॅटचं बटण

लग्नसराई संपली की आमच्याकडे खान्देशात घरोघरी एक वस्तू येऊन पडते, शूटिंगचा पेनड्राईव्ह. आधी डीव्हीडी यायची, नवरानवरीचा फोटो छापलेल्या कव्हरात, आणि तिला असे चरे पडायचे की दोन वर्षांत हळदीच्या पुढे सरकायचीच नाही. आता लाकडी डबी मिळते, वर दोघांची नावं कोरलेली, आत मखमलीच्या खाचेत पेनड्राईव्ह. डबी शोकेसमध्ये जाते, पेनड्राईव्ह टीव्हीच्या मागे जातो, पाहुणे आले की लावायचा. आमच्या चुलतबहिणीचं लग्न धरणगावला झालं त्याचा पण असाच आला, टीव्हीवर दणक्यात चालला, सगळ्या बायांनी आपापल्या साड्या बघून घेतल्या, वरण-बट्टीच्या पंगतीत कोण कोण बसलंय ते मोजून झालं, संपला विषय.

पण आबांना तो टॅबवर पाहिजे होता.

आबांचा टॅब म्हणजे कोरोनात भाच्याच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, शाळा परत सुरू झाल्यावर कपाटात पडून होता, मग ताईने तो आबांना देऊन टाकला. आबा त्यावर बाजारभाव बघतात, कीर्तनं ऐकतात, आणि रात्रीची लाइट असली की मोटर चालू करायला मळ्यात जाताना तो पिशवीत टाकून घेऊन जातात. घरचा टीव्ही संध्याकाळी सिरियलवाल्यांच्या ताब्यात आणि दुपारी लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे त्यांची मागणी काही चुकीची नव्हती. "मोबाईलवर पाठवी दे ना भो, मी टॅबमा दखी लिसू," असं त्यांनी सांगितलं, आणि इथूनच सगळं सुरू झालं.

पाठवता येत नाही हे आधी समजून घ्या, कारण घरातला प्रत्येक जण हेच म्हणतो की व्हॉट्सॲपवर टाक ना. लग्नाची मेन फाइल ६ जीबीच्या वर होती. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून टाकलं तरी २ जीबीच्या पुढची फाइल जात नाही, आणि व्हिडिओ म्हणून टाकलं तर ते इतकं दाबून पाठवतं की नवरी कोण आणि करवली कोण तेच कळत नाही. गूगल ड्राईव्हवर चढवायचं म्हटलं तर फुकटात १५ जीबी मिळतात, त्यात आपले फोटो आणि मेल आधीच भरलेले, आणि दिवसाचा दीड जीबीचा पॅक असलेला माणूस ती फाइल उतरवणार कधी? म्हणजे पेनड्राईव्ह हाच खरा मार्ग. नुसता चालत नाही, पळतो, फक्त दोनतीन ठिकाणी पाय अडकतो, ती ठिकाणं सांगतो.

पहिली गोष्ट जोडणीची. नवा टॅब असेल तर त्याला टाइप सी असतं, बाजारात एका बाजूला टाइप सी आणि दुसऱ्या बाजूला साधं तोंड असे दुतोंडी पेनड्राईव्ह मिळतात, नाहीतर छोटा ओटीजी जोड (टॅबला पेनड्राईव्ह लावू देणारा) मिळतो, काम झालं. आबांचा टॅब जुना, मायक्रो यूएसबीचा. तिथे लोक काय करतात, चार्जिंगची केबल घेतात, तिच्या पुढच्या तोंडाला कसला तरी जोड लावून पेनड्राईव्ह खुपसतात आणि मग म्हणतात टॅब खराब आहे. टॅब खराब नसतो. मायक्रो यूएसबीच्या प्लगात पाच पिना असतात, दोन करंटच्या, दोन डेटाच्या आणि पाचवी आयडीची. चार्जिंगच्या केबलमध्ये ही पाचवी मोकळी सोडलेली असते, ओटीजी केबलमध्ये ती ग्राउंडला जोडलेली असते. ती जोडलेली सापडली की टॅबला कळतं की आता करंट घ्यायचा नाही, समोरच्याला ५ व्होल्ट द्यायचे आणि त्याच्यातलं वाचायचं. दिसायला दोन्ही केबली सारख्याच, म्हणून दुकानात मागताना ओटीजीच म्हणून मागायची. आमची जळगावला गोलाणी मार्केटमधून आणली, शंभराच्या आत मिळाली.

ओटीजी ही काही नवी भानगड नाही, यूएसबीवाल्यांनी तो प्रकार २००१ मध्येच काढलाय. अँड्रॉइडला यूएसबीवरून दुसऱ्या वस्तू चालवता येणं ३.१ पासून, म्हणजे २०११ ला आलं, पण पेनड्राईव्ह लावला आणि लगेच वर नोटिफिकेशन येऊन फाइली दिसल्या ही सोय अँड्रॉइडमध्ये अंगचीच मिळाली ती ६.० पासून, २०१५ मध्ये. त्याच्या आधीचा टॅब असेल तर कंपनीने स्वतःहून सोय ठेवली असेल तरच चालणार. आणि हो, काही कंपन्यांच्या सेटिंगमध्ये ओटीजीचं वेगळं बटण असतं आणि ते बंद ठेवलेलं असतं, चालू केलं तरी थोडा वेळ काही लावलं नाही की आपोआप परत बंद होतं. पेनड्राईव्हचा लाइटच लागत नसेल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी असं शोधा, मग दुकानदाराला शिव्या द्या.

आमचा लाइट लागला. पेनड्राईव्हचा निळा लाइट लुकलुकला, आबा चष्मा लावून सरसावून बसले, आणि टॅबवर वरून पट्टी उतरली, या ड्राईव्हमध्ये अडचण आहे, वापरण्यासाठी फॉरमॅट करा.

आता इथे थांबा. दहा मिनिटांपूर्वी टीव्हीवर चालणारा पेनड्राईव्ह टॅब खराब म्हणतो आणि वरून मदत केल्यासारखं बटण पुढे करतो, आणि आपल्याकडे समोर जे बटण येईल ते दाबायची सगळ्यांना इतकी घाई असते की विचारू नका. मळ्याशेजारच्या एका घरात हेच झालं, पोराने फॉरमॅट दाबलं, एका झटक्यात हळद, लग्न, वरात सगळं साफ, स्टुडिओवाल्याकडे मागितलं तर त्याने हार्डडिस्क पुढच्या सीझनसाठी रिकामी करून टाकलेली. त्यात अँड्रॉइडमध्ये आणखी एक पर्याय कधी कधी दिसतो, अंतर्गत स्टोरेज म्हणून वापरा. तो तर अजिबात नाही. त्याने पेनड्राईव्ह फॉरमॅट होऊन वर कुलूपबंद पण होतो, मग तो फक्त त्याच टॅबला वाचता येणार, टीव्हीला नाही, कम्प्युटरला नाही.

चुकून फॉरमॅट झालाच तर त्यात नवं काही एक टाकायचं नाही. साध्या फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त कुठली फाइल कुठे आहे त्याची यादी पुसली जाते, माल आत तसाच असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की मग गेलाच. कम्प्युटरवर फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्याने बरंच काही परत निघतं, फाइलींची नावं मात्र जातात, आणि मोठा व्हिडिओ तुकड्यातुकड्यात साठवलेला असेल तर तो धड निघेलच असं नाही.

तर मग टॅब असं का म्हणतो? कारण पेनड्राईव्ह एनटीएफएस मध्ये, म्हणजे आत फाइली मांडून ठेवायच्या एका पद्धतीत, फॉरमॅट केलेला होता. हे विंडोजवाल्यांचं, १९९३ पासूनचं, आणि बहुतेक अँड्रॉइड टॅबना ते वाचता येत नाही. बऱ्याच टीव्हींना येतं, म्हणून टीव्हीवर चाललं. स्टुडिओवाला पण मुद्दाम त्रास द्यायला तसं करत नाही, त्याचं कारण साधं आहे. पेनड्राईव्ह बऱ्याचदा येतो तो फॅट३२ मध्ये, १९९६ चा प्रकार, सगळीकडे चालतो, पण त्यात एका फाइलचा आकडा लिहायला ३२ बिटच ठेवलेत, त्यामुळे ४ जीबीला एक बाइट कमी एवढीच फाइल मावते. पेनड्राईव्ह ६४ चा असो नाहीतर १२८ चा, एक फाइल ४ जीबीच्या पुढे नाही म्हणजे नाही. लग्नाची सलग फाइल ६ जीबीची, ती बसेना, मग त्याने एनटीएफएस केलं आणि टाकून दिली. त्याच्या टीव्हीवर चाललं, त्याच्या दृष्टीने काम झालं.

खरं तर मधला रस्ता आहे, एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टनेच २००६ मध्ये पेनड्राईव्ह आणि कार्डांसाठी काढलं, ४ जीबीची अडचण नाही, विंडोजला चालतं, ॲपलला चालतं. अँड्रॉइडवर मात्र खूप वर्षं टॅबच्या कंपनीवर होतं कारण त्याच्यावर पेटंटची लायसन्स फी होती. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची सगळी माहिती खुली केली, त्याच वर्षी लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे अँड्रॉइड ज्याच्यावर उभं आहे त्या गाभ्यात, ते आलं, म्हणून नव्या टॅबमध्ये ते चालायची शक्यता भरपूर. आबांच्या जुन्या टॅबला पण चाललं.

मग काय करायचं? कम्प्युटर हाताशी असेल तर माझं मत स्पष्ट आहे, पेनड्राईव्ह टॅबला लावायच्या नादी लागूच नका. पेनड्राईव्ह लॅपटॉपला लावा, टॅब पण केबलने लॅपटॉपला लावा, टॅबवर पट्टी येईल चार्जिंग की फाइल ट्रान्सफर, त्यात फाइल ट्रान्सफर निवडा आणि सरळ इकडून तिकडे ओढा. टॅबच्या स्वतःच्या मेमरीत ४ जीबीची अट नाही, ६ ची फाइल आरामात बसते. फक्त ही केबल डेटावाली पाहिजे, स्वस्तातल्या काही केबलींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात, नुसतं चार्जिंग होतं आणि माणूस तासभर लॅपटॉपकडे बघत बसतो.

पेनड्राईव्हच वापरायचा असेल तर तो आधी लॅपटॉपवर पूर्ण उतरवून घ्या, उतरलेलं उघडून बघा, मग पेनड्राईव्ह एक्सफॅट मध्ये फॉरमॅट करा, मग परत भरा. क्रम महत्त्वाचा, उलटा केला तर शेजाऱ्यांसारखं होईल. लॅपटॉप घरात नसेल तर गावात फॉर्म भरून देणारा असतोच ना, आमच्याकडे चोपड्याला स्टँडच्या आजूबाजूला बरेच आहेत, तो हे काम करून देतो, फक्त समोर उभं राहून करून घ्या. आणि अगदीच कम्प्युटर नको असेल तर प्ले स्टोअरवर पॅरागॉनचं एक ॲप आहे, एनटीएफएस पेनड्राईव्ह वाचून देणारं. चालतं, पण मोठ्या फाइलींना मला लॅपटॉपच बरा वाटतो.

आता गंमत पुढे आहे. पेनड्राईव्ह टॅबला दिसायला लागला, आबा खुश, आणि टॅबमध्ये जागा नाही. ३२ जीबीचा टॅब, त्यातली कितीतरी तर सिस्टीमच खाऊन बसते, उरलेल्यात सकाळच्या गुड मॉर्निंगची फुलं. मेमरी कार्ड होतं ३२ जीबीचं, अर्ध्याहून जास्त रिकामं, तरी कॉपी होईना. कारण परत तेच. ४ ते ३२ जीबीची कार्डं नियमाने फॅट३२ मध्येच येतात, तिथे ४ जीबीची भिंत. ६४ पासून पुढची कार्डं एक्सफॅट मध्ये येतात. टॅब हे असं सांगत नाही, तो नुसतं कॉपी करता आली नाही म्हणतो, आणि आपण रिकामी जागा बघून डोकं खाजवतो. मग गुड मॉर्निंगची फुलं साफ केली (आबांना विचारून, त्यातली चार त्यांनी ठेवायला लावली), भाच्याच्या पाचवीचे शाळेचे व्हिडिओ अजून पडले होते ते काढले, आणि फाइल टॅबच्या मेमरीत घेतली.

घेताना फाइल्स ॲप उघडायचं, पेनड्राईव्हवर जायचं, फाइलवर बोट दाबून धरायचं, आणि कॉपी करायचं. मूव्ह नाही. मूव्ह करताना मध्येच केबल हलली तर कशात काय राहिलं ते शोधत बसावं लागतं, कॉपीत मूळ जागच्या जागी राहतं. आणि ओटीजीची मायक्रो केबल हलतेच, टॅब मांडीवर घेऊन हे काम करू नका, खाटेवर, टेबलावर सपाट ठेवा. साधा पेनड्राईव्ह सेकंदाला २० एमबीने वाचला गेला तरी ६ जीबीला पाच मिनिटं लागतात, चांगल्या टाइप सी टॅबला त्याहून कमी. पेनड्राईव्ह टॅबच्याच बॅटरीवर चालतो, म्हणून आधी चार्जिंग करून घ्या. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी हे करू नका, ४४ डिग्रीत टॅब आधीच तापलेला असतो, त्यात कॉपी लावली की तो हातात धरवत नाही आणि मंद होतो. आम्ही रात्री ओट्यावर बसून केलं.

झाल्यावर वरच्या पट्टीतून इजेक्ट दाबून मगच पेनड्राईव्ह काढा. नुसतं वाचून घेतलं असेल तर सहसा काही होत नाही, पण पेनड्राईव्हमध्ये काही लिहिलं असेल तर टॅब ते कधी कधी आपल्याकडेच धरून ठेवतो आणि नंतर लिहितो, मध्येच उपटला की फाइल अर्धी. आणि नवीन फाइल सुरुवातीला चालली म्हणून खुश होऊ नका, मध्ये नेऊन बघा, शेवटी नेऊन बघा. अर्धवट फाइल सुरुवातीला छानच चालते.

आबांनी लावलं, चित्र दिसलं, आवाज नाही. बँड वाजतोय, लोकं नाचतायत आणि सगळं मुकं. आवाज एसी३ नावाच्या प्रकारात होता, टॅबच्या साध्या प्लेअरला तो येत नव्हता. व्हीएलसी नावाचं प्लेअर ॲप टाका, फुकट आहे, जाहिराती नाहीत, जुन्या डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइली पण चालवतं. घरात जुन्या लग्नांच्या डीव्हीडी असतील आणि कुठे डीव्हीडी ड्राईव्हवाला कम्प्युटर शिल्लक असेल तर त्या १ जीबीच्या तुकड्यातुकड्यांच्या फाइली तशाच्या तशा कॉपी करून टॅबमध्ये टाका, ४ जीबीची अडचणच येत नाही.

व्हीएलसी टाकलं आणि बँड वाजला. "आते लागनं बरं," आबा म्हणाले, आणि सगळ्यात आधी पंगतीवर नेऊन ठेवलं.

हे झालं आणि घरात बातमी पसरली की मला हे जमतं. मोठी माय तिचा पेनड्राईव्ह घेऊन आली. तिचा म्हणजे ट्रॅक्टरच्या टेपमधला, मातीने मूळचा रंग कुठला ते कळत नाही, टोपण कधीच हरवलंय. त्यात अहिराणी गाणी भरलेली, पण तिला ती नको होती. त्यातच एका फोल्डरमध्ये तिच्या सासूने म्हटलेली कानबाईची (आमच्या खान्देशातली देवी) आणि आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी होती, कोणीतरी जुन्या बटणाच्या मोबाईलवर रेकॉर्ड केलेली, एएमआर फाइली. ट्रॅक्टरच्या टेपला त्या दिसायच्याच नाहीत, त्याला एमपीथ्री लागतं, म्हणून इतकी वर्षं पेनड्राईव्ह त्या ट्रॅक्टरमध्येच असून ती गाणी कोणी ऐकली नव्हती. टॅबला लावला, व्हीएलसीने उघडलं आणि आवाज आला. एएमआर हा प्रकार फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला, सेकंदाला फक्त ८००० नमुने घेतो, त्यामुळे गाणं फोनवरून ऐकल्यासारखं येतं, मागे कोणाचं तरी लेकरू रडतंय, भांडं पडतंय, पण आजीचा आवाज आहे आणि शब्द कळतात.

त्याच फोल्डरमध्ये गाण्यांचे शब्द टाइप केलेली एक वर्डची फाइल पण होती, जळगावला कुठल्यातरी डीटीपीवाल्याकडून करून घेतलेली. ती टॅबवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, एक शब्द वाचता येईना. फाइल बिघडलेली नव्हती. ती श्रीलिपी नावाच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली होती, त्या काळी सगळीकडे तेच चालायचं, आणि त्यात अक्षर साठवलं जातं ते इंग्रजी अक्षराच्याच जागेवर, फॉन्ट फक्त वरून मराठी चेहरा लावतो. टॅबमध्ये तो फॉन्ट नाही, मग मूळचं दिसतं. अशा फाइलीला टॅबवर काही करता येत नाही, ज्याच्याकडे तो फॉन्ट आहे अशा डीटीपीवाल्याकडे नेऊन तिची पीडीएफ करून आणायची, फॉन्ट पीडीएफच्या पोटात बसतो आणि मग ती कुठेही उघडते. कोणाच्या घरात अशा जुन्या फाइली पडल्या असतील, कुळाची वंशावळ, गाण्यांची वही, तर जोवर श्रीलिपीवाला डीटीपी गावात आहे तोवर पीडीएफ करून घ्या. जमलं तर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या मोबाईलवर चालणाऱ्या मराठीत, पण करून घ्या, म्हणजे त्यातलं शोधता येतं.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं ऐकून आमच्या एका पाहुण्याने बाजारातून १ टीबीचा (हजार जीबीचा) पेनड्राईव्ह आणला, तीनशे रुपयांत. तीनशे रुपयांत १ टीबी मिळत नाही भो. आत मेमरी असते ८-१६ जीबीची, आणि आतली चिप कम्प्युटरला खोटं सांगते की मी १ टीबीचा आहे. फाइली टाकताना सगळं जातं, नावं दिसतात, आकार दिसतो, उघडायला गेलं की उघडत नाही, कारण पुढचं सगळं कुठे लिहिलंच गेलेलं नसतं. नवा पेनड्राईव्ह आणला की एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा, वेळ लागतो पण खरं कळतं. हां, ३२ च्या पेनड्राईव्हवर २९.८ दिसतात ती फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने मोजतं, एवढाच फरक.

मोठ्या मायचं काम अजून बाकी आहे. टॅबवर ऐकून तिचं भागलं नाही, तिला ती गाणी श्रावणात कानबाई बसते तेव्हा मोठ्या आवाजात लावायची आहेत, आणि मोठा आवाज आमच्या घरात फक्त ट्रॅक्टरला आहे. म्हणजे आता सगळ्या एएमआरच्या एमपीथ्री करायच्या आणि टॅबमधून परत पेनड्राईव्हमध्ये टाकायच्या. तिला वेगळा ८ जीबीचा पेनड्राईव्ह आणलाय, फॅट३२ वाला, ट्रॅक्टरच्या टेपला तेवढंच कळतं, एक्सफॅट लावला की नो यूएसबी म्हणतो. फाइलींची नावं पण इंग्रजी अक्षरांत टाकावी लागणार, मराठी नाव दिलं की त्याच्या पट्टीवर चौकोन येतात. मोठी माय म्हणाली नावं दिसली नाहीत तरी चालेल, पहिलं गाणं रोटांचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं, पाहिजे. तो टेप कुठलं गाणं आधी वाजवायचं ते फाइल ज्या क्रमाने टाकली त्या क्रमाने ठरवतो, नावाने नाही, म्हणून रोटांचं आधी टाकायचं आणि बाकीची मागून, एकेक करून.